पहिल्या सत्राचे गणित : आयएचे गुण आणि टर्मवर्कचे गुण

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ, खारघर यांपैकी कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या सत्राचा निकाल लागला की गणिताच्या शिक्षकांच्या खोलीबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘सर, इंटर्नलला इतके चांगले मार्क होते, मग केटी कशी लागली?’ केटी म्हणजे विषयात अनुत्तीर्ण होऊन तो पुन्हा द्यावा लागणे. विचारणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. टर्मवर्कमध्ये, म्हणजे सत्रभराच्या कामात, पंचवीसपैकी २२ गुण मिळाल्याचे त्याने पाहिलेले असते आणि आयएमधले, म्हणजे सत्रातल्या चाचण्यांचे, ६ गुण त्याने त्यांतच धरलेले असतात. दोन्ही गुण महाविद्यालयातच दिले जातात, दोन्ही सत्र चालू असताना जमा होतात, दोन्हींना सर्रास ‘इंटर्नल’ म्हटले जाते आणि पुष्कळदा दोन्हींवर सही करणारे शिक्षकही एकच असतात. तरीही हे गुण वेगवेगळ्या कामाचे आहेत आणि एकातली तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही. ही गोष्ट निकालाच्या दिवशी कळण्याऐवजी पहिल्या आठवड्यात कळली, तर पहिल्या सत्रातल्या कितीतरी केटी टळतील असे मला मनापासून वाटते.

आकडे समोर ठेवून बोलणे बरे. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या रचनेत अभियांत्रिकी गणित-१ हा विषय १२५ गुणांचा होता : सत्रान्त लेखी परीक्षा ८०, आयए म्हणजे अंतर्गत मूल्यमापन २० आणि टर्मवर्क २५. या तीन आकड्यांची खरी जोडी कोणती, हे श्रेयांक पाहिले की उलगडते. आयएचे २० आणि लेखी परीक्षेचे ८० मिळून जे १०० होतात, ते वर्गातल्या तासिकांचे, म्हणजे थिअरीचे गुण असून त्यांना तीन श्रेयांक आहेत. टर्मवर्कचे २५ गुण ट्यूटोरियलचे, म्हणजे शिक्षकांसमोर उदाहरणे सोडवण्याच्या तासांचे आहेत आणि ट्यूटोरियलला स्वतंत्र एक श्रेयांक आहे. म्हणजे आयए ही लेखी परीक्षेची धाकटी बहीण आहे. टर्मवर्कशी तिचे नाते तेवढे जवळचे नाही. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक शीर्षकात, म्हणजे गुणपत्रिकेच्या प्रत्येक रकान्यात, स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात : लेखीत ३२, आयएमध्ये ८, टर्मवर्कमध्ये १०. वर सांगितलेल्या विद्यार्थ्याचे २२ आणि ६ मिळून पंचेचाळीसपैकी २८ होतात आणि ती टक्केवारी साठच्या वर जाते. पण अशी बेरीज गुणपत्रिकेत कुठेच होत नाही. तिथे आयएच्या रकान्यात ६ आहे आणि ६ म्हणजे अनुत्तीर्ण.

हा गोंधळ होण्यामागे बारावीची सवय आहे, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. राज्य मंडळाच्या बारावीलाही गणिताची ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते वीस गुण बहुतेक विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करून आणि फारशी चिंता न करता मिळालेले असतात. अभियांत्रिकीला आल्यावर त्याच विषयापुढे पुन्हा ८० आणि २० हे आकडे दिसतात आणि विद्यार्थी सहजच समजतो की हे वीससुद्धा तसेच असणार. प्रत्यक्षात बारावीच्या प्रात्यक्षिकाशी ज्याचे साम्य आहे ते टर्मवर्क. आयएचे वीस गुण कोऱ्या उत्तरपत्रिकेवर, घड्याळ लावून, एकट्याने मिळवायचे असतात.

आयएमध्ये दोन चाचण्या होतात. प्रत्येक चाचणी वीस गुणांची आणि एक तासाची असते; पहिली साधारण ४० टक्के अभ्यासक्रम शिकवून झाल्यावर आणि दुसरी पुढचा ४० टक्के झाल्यावर घेतली जाते. अंतिम गुण म्हणजे या दोन चाचण्यांची सरासरी. ‘दोनपैकी जास्त गुण असलेली चाचणी धरतात’ ही समजूत पहिल्या वर्षाच्या वर्गांत दरवर्षी नव्याने पसरते आणि तिचा फटका हुशार मुलांनाही बसतो. पहिल्या चाचणीत १४ गुण मिळवलेला विद्यार्थी दुसरीला गैरहजर राहिला, तर त्याची सरासरी ७ येते, म्हणजे उत्तीर्णतेला एक गुण कमी. उलट पहिलीत ५ मिळालेल्या विद्यार्थ्याने दुसरीत ११ मिळवले तरी तो ८ वर सुटतो. म्हणून पहिली चाचणी वाईट गेली तरी दुसरी सोडून देऊ नये आणि पहिली उत्तम गेली तरी दुसरी हलक्यात घेऊ नये. खरेच आजारपण आले असेल, तर वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन त्याच आठवड्यात विषयशिक्षकांना भेटावे. फेरचाचणी मिळेल की नाही हे महाविद्यालयाच्या नियमावर अवलंबून असते, पण सत्र संपल्यावर दिलेल्या अर्जाचा उपयोग क्वचितच होतो.

टर्मवर्कची रचना निराळी आहे. त्या पंचवीसपैकी ५ गुण तासिका आणि ट्यूटोरियल यांतल्या उपस्थितीचे, १० गुण संपूर्ण अभ्यासक्रमावर सोडवलेल्या किमान सहा ट्यूटोरियलचे आणि १० गुण मिनी प्रोजेक्टचे. गणितात मिनी प्रोजेक्ट म्हणजे काय, असे पालक विचारतात आणि प्रश्न रास्त आहे : चार ते सहा विद्यार्थ्यांच्या गटाने स्वयंअध्ययनाचा एखादा विषय घेऊन दहा-पंधरा मिनिटांत तो वर्गापुढे मांडायचा किंवा त्यावरची उदाहरणे सोडवून दाखवायची. यांतल्या कुठल्याही कामासाठी विद्यार्थ्याला एकटे बसवलेले नसते. शेजारच्याशी चर्चा करणे, शिक्षकांना थांबवून विचारणे, चुकलेले खोडून पुन्हा लिहिणे हे सगळे तिथे चालते, किंबहुना अपेक्षितच असते.

फरक कसा पडतो ते एका उदाहरणावर पाहता येईल. पार्शल डिफरन्सिएशनच्या प्रकरणात ऑयलरचे प्रमेय येते आणि त्याबरोबर हा ठरलेला प्रश्न येतो. ज्याचा साइन (क्ष² + य²) ÷ (क्ष + य) इतका आहे असा कोन थीटा घ्यायचा. थीटाच्या क्ष-सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्हला क्षने आणि य-सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्हला यने गुणून बेरीज केली, तर ती टॅन थीटा येते हे सिद्ध करायचे. ट्यूटोरियलच्या फाइलमध्ये या उदाहरणाची शेवटची ओळ सगळ्यांची बरोबर असते, कारण ती प्रश्नातच दिलेली आहे. चुकते ती पहिली. ‘थीटा हे एक घाताचे होमोजिनियस फंक्शन आहे’, म्हणजे क्ष आणि य दुप्पट केले की तेही दुप्पट होते, असे लिहून विद्यार्थी पुढे निघतो. क्ष आणि य दोन्ही दुप्पट केले तर अंश चौपट होतो, छेद दुप्पट होतो आणि भागाकार दुप्पट होतो. म्हणजे एक घाताचा होमोजिनियस आहे तो हा भागाकार, अर्थात साइन थीटा. थीटा स्वतः दुप्पट होत नाही. एक घाताच्या होमोजिनियस फंक्शनसाठी अशी बेरीज त्या फंक्शनइतकीच येते, असे प्रमेय सांगते; ते लावायचे साइन थीटाला. मग चेन रूलने डावीकडे कॉस थीटा हा गुणक बाहेर येतो, उजवीकडे साइन थीटा राहतो आणि कॉस थीटाने भागले की टॅन थीटा मिळतो. विद्यार्थ्याची पहिली ओळ खरी असती, तर उजवीकडे टॅन थीटा न येता नुसता थीटा यायला हवा होता. तरीही तो शेवटी टॅन थीटा लिहितो, कारण काय यायला हवे ते त्याला आधीच ठाऊक असते.

ट्यूटोरियलच्या तासाला ही चूक झाली, तर शिक्षक त्या ओळीवर बोट ठेवून ‘दोन्ही दुप्पट करून पाहा’ एवढेच म्हणतात, विद्यार्थी दहा मिनिटांत ती ओळ सुधारतो आणि त्याच्या टर्मवर्कला धक्का लागत नाही. टर्मवर्क जे मोजते ते हेच : काम वेळेवर झाले का, तपासून घेतले का, दुरुस्त केले का. चाचणीच्या तासात बोट ठेवणारे कोणी नसते. तिथे हीच ओळ लिहिली, तर उदाहरणाचा गाभाच चुकलेला असतो आणि खालच्या ओळी कितीही नीटनेटक्या असल्या तरी परीक्षकाला त्यांना फारसे गुण देता येत नाहीत. अपेक्षित उत्तर आधी माहीत असल्यामुळे मधली पायरी वाकवून तिथवर पोचणे ही पहिल्या सत्रातली सर्वांत महाग पडणारी सवय आहे, कारण फाइलमध्ये ती लपते आणि चाचणीत उघडी पडते.

आता फाइलविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. सत्राच्या शेवटी सबमिशनच्या आठवड्यात एकाची फाइल दहा जणांच्या हातांतून फिरते आणि मग दहाही फाइलींत एकाच पायरीवरचे उणे चिन्ह गळालेले सापडते. काही वर्गांत तपासणी म्हणजे तारीख, बरोबरची खूण आणि सही एवढ्यावरच थांबते, त्यामुळे अशा फाइलीलाही दहापैकी आठ-नऊ गुण मिळून जातात. हे गुण विद्यार्थ्याची दिशाभूल करतात. त्याला वाटते की विषय येतो आहे, आणि ज्या प्रकरणात तो कच्चा आहे ते प्रकरण कोणते हे त्याला किंवा घरच्यांना कळतच नाही. टर्मवर्कच्या गुणांवरून अभ्यासाचा अंदाज बांधायचाच असेल, तर आकड्याकडे न पाहता लाल शाईकडे पाहावे. ज्या फाइलीत शिक्षकांनी ओळी खोडल्या आहेत आणि विद्यार्थ्याने शेजारी पुन्हा लिहिल्या आहेत, ती फाइल चाचणीची तयारी म्हणून कामाला येते. स्वच्छ, सुबक आणि एकही खूण नसलेली फाइल बघून आईवडिलांनी निर्धास्त होऊ नये.

असेच दुसरे ठिकाण न्यूटन-रॅफसन पद्धतीचे, म्हणजे समीकरणाचे उत्तर फेरीफेरीने अधिक अचूक करत नेण्याच्या पद्धतीचे. क्ष बरोबर कॉस क्ष हे समीकरण सोडवताना उत्तर ०.७३९१ यायला हवे. कॅल्क्युलेटर रेडियनऐवजी डिग्रीमध्ये राहिला असेल तर ०.९९९८ च्या आसपास येते आणि एकदा आले की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही तेच टिकून राहत असल्यामुळे बरोबर वाटते. ट्यूटोरियलला शेजाऱ्याचे उत्तर वेगळे दिसले की रेडियनची आठवण होते. चाचणीला शेजाऱ्याचे उत्तर पाहायचे नसते.

उपस्थितीचा मुद्दा थोडक्यात. टर्मवर्कमधले ५ गुण आणि सत्र पूर्ण झाल्याचे ग्राह्य धरण्यासाठी लागणारी ७५ टक्के उपस्थिती या पुन्हा दोन वेगळ्या गोष्टी आहेत; डिफॉल्टर यादी, म्हणजे उपस्थिती कमी पडलेल्यांची यादी, लागते ती दुसरीसाठी. ट्रान्स-हार्बर लोकल खोळंबली किंवा घोडबंदर रस्त्यावर बस अडकली, ही कारणे शिक्षकांना परकी नाहीत, कारण तेही त्याच गाडीत असतात. पण ती सांगायची तर त्याच दिवशी सांगावीत. ज्यांचा प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत होतो, त्यांची अडचण मात्र खरी आहे. ते वर्गात येतात तेव्हा दोन-तीन ट्यूटोरियल होऊन गेलेले असतात आणि पहिली चाचणी तोंडावर आलेली असते. अशा विद्यार्थ्यांनी राहिलेल्या ट्यूटोरियलचे कागद आधी मागून घ्यावेत, पण ते उतरवत बसण्याआधी चाचणीत कोणती प्रकरणे आहेत ते विचारावे. राहिलेले ट्यूटोरियल शिक्षकांच्या परवानगीने पुढच्या आठवड्यात देता येते. चाचणीची तारीख एका विद्यार्थ्यासाठी सरकत नाही.

केटी लागल्यावरही दोन्हींचे मार्ग वेगळे होतात. आयएमध्ये अनुत्तीर्ण झालेल्याला आयएची चाचणी पुन्हा द्यावी लागते, मात्र लेखी परीक्षेत मिळालेले उत्तीर्णतेचे गुण तसेच राहतात. लेखीत अनुत्तीर्ण आणि आयएमध्ये उत्तीर्ण असेल, तर आयएचे गुण पुढे नेले जातात आणि फक्त लेखी पुन्हा द्यावी लागते. टर्मवर्क राहिले असेल, तर आधी राहिलेले काम पूर्ण करून ते शिक्षकांकडून मान्य करून घ्यावे लागते. म्हणून ‘गणिताची केटी’ एवढेच म्हणून थांबू नये. गुणपत्रिकेत कोणत्या शीर्षकात अनुत्तीर्ण दाखवले आहे ते पाहूनच परीक्षेचा अर्ज भरावा. अर्जात चुकीचे शीर्षक निवडले गेले, तर एक अख्खी संधी वाया जाते.

वरचे आकडे २०१९च्या रचनेचे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या रचनेत चाचण्यांचे आणि लेखीचे प्रमाण बदलले आहे आणि ठाणे-नवी मुंबईतल्या स्वायत्त महाविद्यालयांत तर चाचण्यांची नावेही निराळी असतात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपल्या तुकडीचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि गणिताच्या पानावर चार गोष्टी शोधाव्यात : चाचण्यांचे गुण लेखीत मिळवले जातात की स्वतंत्र धरले जातात, दोन चाचण्यांची सरासरी घेतात की बेरीज, ट्यूटोरियलला स्वतंत्र श्रेयांक आहे का, आणि प्रत्येक शीर्षकात उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात. त्या पानावर उत्तर सापडले नाही, तर वरच्या वर्गातल्या मुलांना विचारू नये, कारण त्यांची रचना वेगळी असू शकते, विषयशिक्षकांनाच विचारावे.