फड वेगळा, बारी वेगळी
नऊवारी दिसली, घुंगरू वाजले, ढोलकीवर थाप पडली की लोक सरसकट ‘तमाशा’ म्हणून मोकळे होतात. लावणी महोत्सव बघून आलेला माणूससुद्धा ‘काल तमाशा पाहिला’ असं सांगतो, तेव्हा मला राहवत नाही. त्यानं पाहिली ती लावणी. तमाशा त्यानं कदाचित अजून पाहिलेलाच नाही.

लावणी सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून संगीत बारीबद्दल, म्हणजे निव्वळ लावणीच्या खेळाबद्दल, थोडक्यात. तिथं लावणी हेच सर्वस्व. बायका गातात, नाचतात, अदा करतात. पुरुष पेटी, तबला, ढोलकीच्या साथीला. एकाच थिएटरात कलावंतांच्या अनेक पार्ट्या असतात आणि आपापली पाळी आली की रंगमंचावर येतात, म्हणून ती बारी. पुण्याचं आर्यभूषण किंवा चौफुल्याची कलाकेंद्रं हे तिचं घर. फड, म्हणजे तमाशाची मंडळी, मात्र तंबू घेऊन गावोगाव फिरतो. त्याच्याकडे तुणतुणं आणि हलगी असते. ढोलकी दोन्हीकडे, पण वाद्यांवरून ओळखायला जाऊ नका, फसाल.

खरा फरक वगाचा आहे. फडाचा खेळ गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं, उघडतो. मग गवळण येते: कृष्ण, पेंद्या, बाजाराला निघालेल्या गौळणी आणि पुरुषानंच रंगवलेली मावशी. पुढं बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मग रंगबाजी, आणि मग वग, म्हणजे अख्खं नाटक. लावण्या रंगबाजीत होतात, शिट्ट्याही तिथंच पडतात. पण पुढची रात्र वगाला पेलावी लागते, आणि वग पेलतो सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट. दोन लावण्यांमधली जागा भरायला त्याला ठेवलेलं नसतं. राजाला भर दरबारात टोकायची मुभा त्यालाच. गोष्ट ठरलेली असली तरी तो हजरजबाबीपणानं तिच्यात त्या रात्रीचं, त्या गावचं काहीतरी घालतो. दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार आठवा. १९७३ साली संगीत नाटक अकादमीनं त्यांना पुरस्कार दिला तो तमाशासाठी. कवलापूरचे काळू-बाळू, हे जुळे भाऊ, दोघंही सोंगाडेच, आणि फड ओळखला जायचा त्यांच्याच नावानं. हसवणाऱ्याच्या नावावर तंबू भरतो, हे बारीत घडूच शकत नाही, कारण तिथं सोंगाड्याच नाही.

विठाबाई नारायणगावकर आणि यमुनाबाई वाईकर यांना एकाच ओळीत ‘लावणी कलावंत’ म्हणून बसवतात, ते तर मला अजिबात पटत नाही. लोकांनी विठाबाईंना तमाशासम्राज्ञी म्हटलं आणि यमुनाबाईंना लावणीसम्राज्ञी, ते उगाच नव्हे. विठाबाई भाऊ-बापू मांग यांच्या फडाच्या घरातल्या, पुढं स्वतःचा फड चालवणाऱ्या. यमुनाबाई बारीतल्या, बसून, गळ्यातून आणि चेहऱ्यातून लावणी उलगडणाऱ्या. २०१२ची त्यांची पद्मश्री त्या गायकीची आहे.

धंद्याचं गणितही निराळं. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला गावकरी तिथं येतात. बारीचं पोट थिएटरातल्या बैठकीवर आणि फर्माइशीवर.

फलकावर ‘लोकनाट्य’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, हा शब्द दोन्हीकडे वापरतात. तिकीट काढण्याआधी विचारा: आज वग कोणता, आणि सोंगाड्या कोण?