हलक्या पार्टिशनमधून आवाज का येतो? काम ठरवण्याआधी हे वाचा

बोर्डाचं पार्टिशन घातलं तरी पलीकडचं बोलणं शब्द न् शब्द कळतं, असं सांगत येणाऱ्यांत दवाखाने आणि क्लासवाले जास्त. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला: अजून एक बोर्ड मारू का? मारू, पण आधी फटी बघू.

साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते. दोन्ही बाजूंना १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड लावलेलं पार्टिशन जेमतेम २५ किलो भरतं. आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने, आणि वजनच इथे नाही. म्हणून हलक्या भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून जमेल तितके सुटे ठेवायचे आणि मधल्या पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) भरायचं. एकाच स्टडला, म्हणजे फ्रेमच्या उभ्या पट्टीला, दोन्हीकडून बोर्ड आवळले की कंपन त्या स्टडमधूनच पलीकडे जातं. जागा असेल तिथे आम्ही दोन स्वतंत्र फ्रेम उभ्या करतो. नसेल तर दोन्ही बाजूंना दुहेरी बोर्ड लावतो. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देत नाही.

आता फटी. १० बाय १० फुटांची भिंत ४५ डेसिबल आवाज अडवणारी आहे, पण तळाशी सगळ्या लांबीभर पाव इंचाची फट राहिली, तर हिशेबाने ती भिंत २७ डेसिबलच्या आसपास येते. बोर्डावर केलेला खर्च त्या पाव इंचातून वाहून गेला! सगळ्यात मोठी फट मात्र डोळ्यांना दिसत नाही. पार्टिशन फॉल्स सिलिंगपर्यंतच उभं केलेलं असतं आणि आवाज वरच्या पोकळीतून आरामात शेजारी उतरतो. पार्टिशन स्लॅबला भिडलंच पाहिजे, यात आम्ही तडजोड करत नाही. पाठीला पाठ लावलेले स्विच बॉक्स, एसीच्या पाइपची भोकं, दाराखालची जागा हेही तपासतो. सांध्यांत पुट्टी नको, ती तडकते. लवचिक सीलंट लागतं. आणि पोकळ फ्लश डोअर तसंच ठेवायचं असेल तर भिंतीवर फार पैसे घालू नका.

पोटमाळ्याचं दुखणं वेगळं. लोखंडी फ्रेमवर सिमेंट बोर्ड टाकलेला असतो. खाली बसलेल्याला पावलं आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. खालून ग्लासवूल भरलं की बोलणं कमी होतं, धपधप फारशी नाही. ती जिथे होते तिथेच मऊ करावी लागते: बोर्डावर रबराचा थर, त्यावर सुटी फरशी किंवा प्लाय, आणि कडेने फोमची पट्टी, म्हणजे वरचा थर भिंतीला टेकत नाही. त्या थरातून खालच्या फ्रेममध्ये एखादा स्क्रू गेला तरी बरीच मेहनत वाया जाते. सुताराला हे आधीच सांगून ठेवा. नुसता जाड गालिचा आणि खुर्च्यांना रबरी टोप्या, एवढ्यावरही पुष्कळ फरक पडतो, आणि त्यासाठी आम्हाला बोलवायची गरज नाही.

थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे लावून आवाज अडत नाही. भिंतीवरच्या फोमने खोलीतला घुमारा कमी होतो. क्लासमध्ये शिकवणं स्पष्ट ऐकू येतं, पण शेजाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

डग्गा, सबवूफर, रस्त्यावरचा ढोल यांबद्दल मात्र आम्ही शब्द देत नाही. दोन बोर्ड आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखी हलतात. साध्या पार्टिशनमध्ये हे १०० हर्ट्झच्या आगेमागे होतं, आणि नेमका तोच खालचा सूर आरपार जातो. दुहेरी बोर्ड आणि रुंद पोकळी यांनी तो पट्टा खाली सरकतो, नाहीसा होत नाही. तबल्याचा क्लास काढायचा असेल तर तसं आधी सांगा, अंदाजपत्रक वेगळं पडेल.

फोन करण्याआधी रात्री एका खोलीत पूर्ण अंधार करा आणि पलीकडून कोणाला तरी पार्टिशनच्या कडेकडेने टॉर्च फिरवायला सांगा. जिथून उजेड दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. फॉल्स सिलिंगची एखादी टाइल उचलून वर भिंत आहे का, तेही बघून ठेवा. पाहणीला आल्यावर आम्ही तिथूनच सुरुवात करू.