हाराल्ड एइया: विनोदवीर, समाजशास्त्र आणि ‘येर्नेवास्क’

‘नॉर्वेतल्या एका विनोदवीराने टीव्हीवर मालिका केली, प्राध्यापकांची बोलती बंद झाली आणि सरकारने जेंडर स्टडीजची, म्हणजे लिंगभाव अभ्यासाची, संस्थाच बंद करून टाकली.’ इंटरनेटवर ही गोष्ट बरीच वर्षं फिरते आहे. त्यातला विनोदवीर खरा, मालिका खरी आणि एक संस्था बंद झाली हेही खरं. पण या तिन्हींची सांगड जितकी बेधडक घातली जाते, तितकी ती बसत नाही. त्यासाठी हा हाराल्ड एइया कोण, हे आधी पाहायला हवं.

एइयाचा जन्म २४ जानेवारी १९६६ चा. त्याचं शिक्षण ओस्लो विद्यापीठात झालं, तेही नाट्यशास्त्राचं नव्हे, समाजशास्त्राचं. त्याच्याबद्दल लिहिताना ही बाब एका ओळीत उरकली जाते, पण पुढचं सगळं कळायला तीच लक्षात ठेवावी लागते.

तो पडद्यावर आला तेव्हा नॉर्वेचा टीव्ही बदलत होता. एनआरके ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था. टीव्हीचं अधिकृत उद्घाटन १९६० साली झालं आणि पुढची तीसेक वर्षं देशाचं दूरदर्शन म्हणजे एनआरकेच. रोल्व वेसेनलुंडसारखे नट त्या काळात घराघरांत पोहोचले. त्याची ‘फ्लेक्सनेस’ ही विनोदी मालिका १९७२ ला सुरू झाली आणि स्वीडनमध्येही आवडीने पाहिली गेली. १९९२ मध्ये टीव्ही २ ही स्पर्धक वाहिनी आली आणि एनआरकेला तरुण प्रेक्षक टिकवण्याची चिंता लागली. १९९५ च्या ‘लिले लोर्डाग’ या विनोदी कार्यक्रमात एइया आणि बोर्ड तुफ्ते योहान्सेन यांची जोडी दिसली, ती पुढे कायमची जमली. १९९८ ते २००२ ‘ओपेन पोस्ट’, २००३ मध्ये ‘उती वोर हागे’, २००४ मध्ये आत्ले आन्टोन्सेन आणि क्रिस्तोफर शाव यांच्यासोबत ‘टीम आन्टोन्सेन’, अशी रांगच लागली.

नॉर्वेच्या बाहेर सर्वांत गाजलं ते ‘उती वोर हागे’मधलं डॅनिश भाषेवरचं प्रहसन. नॉर्वे १८१४ पर्यंत शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजाखाली होता. लिखित डॅनिश नॉर्वेजियन माणसाला सहज वाचता येते, पण कानावर पडली की पंचाईत. प्रहसनात एक डॅनिश गृहस्थ हार्डवेअरच्या दुकानात जातो. वस्तूचं नाव त्याला आठवत नाही, म्हणून तो अंदाजाने काहीतरी निरर्थक बोलतो. दुकानदारालाही ते कळत नाही, पण कबूल कोण करणार? तो हाताला लागेल ते काढून देतो. पुढे दूधवाला सांगतो, तुम्ही आत्ता हजार लिटर दूध मागवलंत! शेवटी कॅमेऱ्यात बघून संयुक्त राष्ट्रांना साकडं घातलं जातं: डेन्मार्कला वाचवा. सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने, माहितीपटाच्या थाटात. गंमत भाषेची वाटते, पण खरी टिंगल आहे ती ‘मला कळत नाही’ असं सांगायची लाज बाळगणाऱ्या समाजाची.

तोच गंभीर चेहरा आणि तोच भाबडा प्रश्न घेऊन एइया २०१० मध्ये ‘येर्नेवास्क’ म्हणजे ‘ब्रेनवॉश’ ही सात भागांची मालिका घेऊन आला. संशोधनाच्या कामात ओले-मार्टिन इले सोबत होता. पहिल्या भागाचा प्रश्न साधा होता. स्त्री-पुरुष समानतेत जगात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या नॉर्वेत परिचारिका बहुतेक स्त्रियाच आणि अभियंते बहुतेक पुरुषच, असं का? पुढचे भाग पालकांचा प्रभाव, समलैंगिकता, हिंसा, लैंगिक वर्तन आणि वंश या विषयांवर होते.

मांडणी अशी: आधी ओस्लोतल्या अभ्यासकांना विचारायचं. त्यांचं उत्तर, हा सगळा संस्कारांचा खेळ. मग विमान पकडून कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिप्पाला गाठायचं. लिप्पाकडे ५३ देशांतल्या दोन लाखांहून अधिक लोकांची पाहणी होती आणि कामाच्या आवडीनिवडीतला स्त्री-पुरुष फरक त्याला सगळीकडे दिसला होता. केंब्रिजला मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन नवजात बाळांवरचा प्रयोग सांगतो: मुलगे यांत्रिक वस्तूकडे जास्त वेळ पाहतात, मुली चेहऱ्याकडे. हे सगळं लॅपटॉपवर घेऊन एइया ओस्लोला परततो आणि त्याच अभ्यासकांना दाखवतो. जीवशास्त्राला जागा नाही हे कशाच्या आधारावर म्हणता, असं विचारल्यावर एक संशोधिका सांगते की तिची भूमिका सैद्धांतिक आहे आणि त्या सिद्धांतात जीवशास्त्राला स्थान नाही. एइया फक्त बघत राहतो. पुढे काही बोलायची त्याला गरजच पडत नाही.

माझ्या मते मालिकेचं बळ इथे आहे आणि कच्चा दुवाही इथेच. प्रश्न रास्त होता, आणि ‘पुरावा दाखवा’ म्हटल्यावर अभ्यासक चिडावेत हे काही शोभलं नाही. पण बॅरन-कोहेनच्या प्रयोगावर आक्षेप होतेच: बाळांना चेहरा दाखवणाऱ्या संशोधिकेला मुलगा की मुलगी हे आधी ठाऊक असण्याची शक्यता होती. असे आक्षेप एइयाने ओस्लोच्या लोकांना विचारले तितक्या खोचकपणे केंब्रिजला विचारले नाहीत. मुलाखती कापून हास्यास्पद बनवल्या अशीही तक्रार झाली. त्यावर असंपादित मुलाखतींचा मजकूरच खुला करण्यात आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच वर्षी फ्रित ऊर या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठानने मालिकेचा गौरव केला.

आता त्या संस्थेबद्दल. २०११ च्या अखेरीस बंद झाली ती ओस्लोतली नॉर्डिक लिंगभाव संस्था, निक. तिचा खर्च नॉर्वे सरकार एकटं नव्हे, तर उत्तर युरोपातल्या पाच देशांची नॉर्डिक मंत्रिपरिषद करत असे आणि संस्था बंद करण्याचा निर्णयही परिषदेचाच होता. पुढे निकच्याच नावाने ते काम स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग विद्यापीठात सुरू झालं. मालिकेत ज्याच्या अभ्यासकांची फजिती झाली, ते ओस्लो विद्यापीठाचं लिंगभाव संशोधन केंद्र वेगळं, आणि ते चालूच राहिलं. मालिकेने वातावरण तापवलं हे मान्य, पण ‘एका कार्यक्रमाने संस्था पाडली’ हे वाक्य ऐकायला खमंग आहे इतकंच.

एइया नंतर पुन्हा हसवण्याकडे वळला. ‘ब्रिले’ या एनआरकेवरच्या प्रश्नमंजूषेचा तो सूत्रधार झाला. पण समाजशास्त्राने काही पाठ सोडली नाही. २०२१ मध्ये त्याने नॉर्वेजियन समाज नेमका चालतो कसा, यावर एनआरकेसाठी मालिका केली. त्याआधी २०१६ मध्ये ओस्लोच्या टेडएक्स या व्याख्यानांच्या मंचावर त्याने विचारलं होतं, श्रीमंत होणं जगात सर्वांत सोपं कुठे? ‘येर्नेवास्क’ची कात्रणं उत्साहाने फिरवणाऱ्यांत हे भाषण फारसं दिसत नाही, कारण त्याचं उत्तर त्यांना पचणारं नाही. तो म्हणतो, स्कँडिनेव्हियात. शिक्षण मोफत, म्हणून गरिबाघरचं हुशार पोर मागे राहत नाही. आणि कामगार संघटना मजबूत असल्यामुळे खालचे पगार वर जातात, वरचे आटोक्यात राहतात. त्यामुळे उद्योजकाला इंजिनीअर अमेरिकेपेक्षा स्वस्तात मिळतो, आणि साधी कामं महाग पडतात म्हणून तिथे यंत्रं आणावी लागतात.