न पुसलेला हातचा

गुहागरला मामेभावाचा होमस्टे आहे. तिथल्या बिलांच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट दीड वर्ष बंद होतं. "अपडेट केलं की मशीन स्लो होतं, दुरुस्तीवाल्यानेच बंद करून दिलंय," तो म्हणाला. मॉनिटरवर दसऱ्याचा झेंडूचा हार सुकत होता. पूजा जरूर करावी, पण तिने प्रोग्रॅममधली फट बुजत नाही. आणि अपडेटनंतर मशीन थोडा वेळ मंदावतं, ते आतली आवराआवर चालू असते म्हणून.

फट कशी असते? नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याची विंडोजमध्ये एक जुनी सोय आहे, एसएमबी. दुसऱ्या मशीनकडून आलेल्या यादीतला चुकीचा भाग गाळायचा आणि यादीचा नवा, कमी झालेला आकार लिहायचा, असं एक बारीक काम तिच्यात होतं. हा आकार ३२ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ३२ घरांत, लिहिलेला असतो, वरची १६ आणि खालची १६. सोळा बिटांत जास्तीत जास्त ६५,५३५ बसतात. त्यापुढे एक गेलं की खाली शून्य आणि वर हातचा एक.

हल्लेखोर आकार मुद्दाम ६५,५३६ सांगतो, म्हणजे वर एक, खाली शून्य. यादी गाळून उरतात ६५,३७३. हा आकडा लिहिताना प्रोग्रॅम फक्त खालचा अर्धा भाग बदलायचा, वरचा हातचा पुसायचाच नाही! ६५,५३६ अधिक ६५,३७३, झाले १,३०,९०९. घटायचा तो आकार जवळजवळ दुप्पट. मग कर्नेलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, मेमरीतल्या लहान जागेत मोठा मजकूर ओतला जातो, शेजारच्या मेमरीवर सांडतो, आणि काय सांडायचं ते हल्लेखोराने आधीच ठरवलेलं असतं. मशीनचा पूर्ण ताबा त्याच्याकडे जातो.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला हे दुरुस्त केलं. महिन्याभरात या फटीतून शिरण्याचं हत्यार इंटरनेटवर फुटलं, १२ मे ला फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला, २७ जूनला तसाच नॉटपेट्या. नॉटपेट्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक हीच. त्यात आपल्या रायगडातल्या न्हावा शेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं. दुरुस्ती येऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते.

शिवाय दुरुस्ती बाहेर पडली की जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून काय बदललं ते जाणकाराला शोधता येतं. न बुजवलेल्या मशीनमध्ये कुठून शिरायचं, ते दुरुस्तीच सांगून जाते. म्हणून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारं सुरक्षा अपडेट मी त्याच आठवड्यात बसवतो.

वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या आवृत्तीचं तसं नाही. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत काहींच्या फायलीच पुसल्या गेल्या आणि ती थांबवावी लागली. नव्या एआय सोयींची कितीही जाहिरात असो, अशा आवृत्तीला महिना-दोन महिने थांबावं.

गुहागरला त्या संध्याकाळी परतीचा पाऊस गडगडत होता. लाइटचा भरवसा नाही, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर आहे ना ते आधी पाहिलं, बिलं आणि बुकिंग पेनड्राइव्हवर उतरवलं, मग अपडेट सुरू केलं. दोनदा रीस्टार्ट झालं. प्रिंटरच्या ड्रायव्हरचं ऐच्छिक अपडेटही यादीत होतं, त्याला हात लावला नाही. पावत्या नीट छापल्या जात होत्या.