पॅराकीट : शास्त्रीय वर्गीकरण

पॅराकीट हे लांब, निमुळत्या शेपटीच्या लहान-मध्यम पोपटांना इंग्रजीत मिळालेले सैल नाव आहे. वर्गीकरणात या नावाचा गट नाही. मराठीने तर हा भेद कधी केलाच नाही; आपला पोपट, राघू किंवा रावा हाच मुळात पॅराकीट.

सगळे पोपट सिटॅसिफॉर्मिस गणात मोडतात. आकडेबाज चोच, हलणारा वरचा जबडा आणि दोन बोटे पुढे, दोन मागे असे पाऊल ही या गणाची खूण. त्याच्या सुमारे ४०० जातींमध्ये लांब शेपटी निरनिराळ्या शाखांत आढळते, त्यामुळे शेपटी पाहून नाते सांगता येत नाही. काटक्यांचे घरटे बांधणारा दक्षिण अमेरिकेचा मंक पॅराकीट सिटॅसिडी कुलातला (कुल म्हणजे गणाचा एक विभाग), म्हणजे मकाऊ या मोठ्या पोपटाचा भाऊबंद. आपला पोपट आणि ऑस्ट्रेलियाचा बजरीगार सिटॅक्युलिडी कुलातले. या बजरीगारला आपल्याकडचे दुकानदार सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, अगापोर्निस प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस), आणि आखूड शेपटीचे.

भारतीय पॅराकीट परंपरेने सिटॅक्युला प्रजातीत (नाव देणारा क्युव्हिए, वर्ष १८००) ठेवले जातात. नेहमीचा पोपट म्हणजे सिटॅक्युला क्रामेरी (स्कोपोली, १७६९). त्याच्या चार उपजाती, दोन आफ्रिकेत आणि दोन आशियात. दक्षिण भारतातल्या मॅनिलेन्सिसची खालची चोच काळपट, उत्तरेकडच्या बोरिॲलिसची लाल. मॅनिलेन्सिस या नावात मनिला आहे, पण हा पक्षी मूळचा तिथला नव्हे. खांद्यावर लाल डाग असलेला थोराड करण पोपट (युपॅट्रिया), जांभळट-गुलाबी डोक्याच्या नराचा तुईया (सायनोसेफाला) आणि फक्त पश्चिम घाटात राहणारा निळ्या पंखांचा मलबारी पोपट (कोलंबॉइडिस) हे त्याचे सोबती.

डीएनए तपासल्यावर ही घडी विस्कटली. आखूड शेपटीचा सिट्टिनस आणि मोठ्या चोचीचा टॅनिग्नॅथस या वेगळ्या मानलेल्या प्रजाती सिटॅक्युलाच्या मधेच येऊन बसल्या. मग त्यांना आत घ्यायचे, की सिटॅक्युलाचे तुकडे करायचे? तुकडे करणाऱ्यांनी क्रामेरीला अलेक्झांड्रिनस, तुईयाला हिमालयाप्सिट्टा, मलबारीला निकोप्सिट्टा ही प्रजाती दिली. सगळ्या पक्षीयाद्यांनी ही नावे मानलेली नाहीत. ब्रिटिशकालीन पुस्तकांत आपला पोपट पॅलिऑर्निस टॉर्क्वेटस या नावाने भेटतो. नव्या मांडणीत पॅलिऑर्निस परत आले आहे, पण ते करण पोपटाच्या वाट्याला गेले.