विंडोज १० नंतर काय? ऑपरेटिंग सिस्टीमच्या निवडीमागची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमितपणे पुरवल्या जाणाऱ्या दुरुस्त्या थांबवल्या आणि घरोघरच्या, दुकानांतल्या, कार्यालयांतल्या संगणकधारकांपुढे एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. विंडोज ११ घ्यायचे, लिनक्स या विनामूल्य प्रणालीकडे वळायचे, ॲपलचा मॅक विकत घ्यायचा, की आहे त्यावरच आणखी काही काळ भागवायचे? दुरुस्त्या थांबल्या म्हणून संगणक बंद पडत नाही; सुरक्षेतील ज्या त्रुटी यापुढे सापडतील त्या बुजवल्या जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. या प्रश्नाची चर्चा बहुधा नव्या प्रणालीत कोणत्या सोयी आहेत या अंगाने होते. परंतु गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर सोयींकडे पाहून निर्णय झाल्याची उदाहरणे थोडीच आढळतात. जुन्यातले किती सोबत नेता येईल, यावरच निवड ठरत आली आहे. आधी हे जुने म्हणजे कार्यक्रम, प्रिंटर आणि फाइली होत्या. आता खुद्द संगणकाचीच गणना त्यात होऊ लागली आहे.

मायक्रोसॉफ्टने १९९० च्या दशकात दोन स्वतंत्र वाटा चालवल्या होत्या. घरगुती वापरासाठी १९९५ चे विंडोज ९५ आणि त्यानंतरचे विंडोज ९८, तर कार्यालयांसाठी १९९३ पासूनची विंडोज एनटीची मालिका. पहिली वाट डॉसच्या, म्हणजे टंकित आज्ञांवर चालणाऱ्या जुन्या प्रणालीच्या, पायावर उभी असल्याने डॉसवरचे हिशेबाचे कार्यक्रम आणि खेळ तिच्यावर निमूटपणे चालत, मात्र ती वरचेवर कोलमडत असे. दुसरी भक्कम होती, पण तिला अधिक मेमरी लागे आणि जुने बरेच काही ती चालू देत नसे. त्यामुळे त्या काळातील निवड म्हणजे स्थैर्य हवे की जुन्याची सोबत हवी, याचा निवाडा होता. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीने या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. एनटीचा पाया, ओळखीचा चेहरामोहरा आणि जुन्या कार्यक्रमांना बऱ्यापैकी सामावून घेण्याची तयारी, असे तिचे रूप होते. एक्सपी इतकी वर्षे टिकली, याचे मूळ या एकत्रीकरणात आहे.

महाराष्ट्रात एक्सपीचा जम बसण्यास आणखी एक कारण घडले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यानंतर तालुक्याच्या गावापर्यंत केंद्रे निघाली, आणि तेथे संगणक शिकणे म्हणजे व्यवहारात विंडोज व ऑफिस शिकणे होते. त्या काळात जुळणी केलेले संगणक मोठ्या प्रमाणात विकले जात आणि त्यांवर विनापरवाना प्रत टाकून देणे हा दुकानदाराच्या सेवेचाच भाग मानला जाई. नवी आवृत्ती घेणे म्हणजे ओळखीच्या तंत्रज्ञाकडून ‘फॉरमॅट मारून’ घेणे, असा सर्रास समज होता. अशा ग्राहकाला परवान्याची किंमत ठाऊकच नव्हती. साहजिकच फुकटच्या लिनक्सचे आर्थिक आकर्षण त्याला कधी जाणवले नाही. लिनक्सच्या आपल्याकडील मंद प्रसाराची कारणे सांगताना तांत्रिक अडचणींची यादी दिली जाते, परंतु माझ्या मते त्या यादीपेक्षा ही एक गोष्ट अधिक वजनाची आहे.

३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीस आली, तेव्हा जुन्याची सोबत सोडण्याची किंमत प्रथमच मोठ्या प्रमाणावर जाणवली. एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट मेमरी पुरत असे. व्हिस्टाची किमान अट ५१२ मेगाबाइटची होती आणि तिचे सगळे देखणेपण अनुभवायचे तर १ गीगाबाइट लागे. अनेक प्रिंटर व स्कॅनर यांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि प्रणाली यांना जोडणारे छोटे कार्यक्रम, तयारच नव्हते. ‘व्हिस्टासाठी योग्य’ असे लेबल लावून विकलेल्या कमकुवत संगणकांवरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टला न्यायालयातही जावे लागले. ग्राहकांनी व्हिस्टा टाळली, कंपन्यांनी परवान्यातील तरतुदीचा आधार घेऊन नव्या संगणकांवर पुन्हा एक्सपी टाकून घेतली, आणि २००७ च्या अखेरीस आलेल्या असुसच्या ईई पीसीसारख्या लहान, स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स दिसू लागल्यावर मायक्रोसॉफ्टने अशा यंत्रांसाठी एक्सपी होमची विक्री २०१० पर्यंत चालू ठेवली. ग्राहकाने नकार दिला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली, असे घडू शकत होते. ‘एक आवृत्ती सोडून पुढची घ्यावी’ हा लोकांमध्ये रुजलेला नियम याच अनुभवातून आला. २००९ च्या विंडोज ७ ने तो पक्का केला आणि स्टार्ट मेनू काढून टाकणाऱ्या २०१२ च्या विंडोज ८ ने त्यावर शिक्कामोर्तब केले.

विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्तीत ‘एक्सपी मोड’ नावाची एक सोय दिली होती. तिच्यात नव्या प्रणालीच्या आत एक संपूर्ण एक्सपी चालत असे. जुने कार्यक्रम मागे सोडण्यास ग्राहक किती नाखूश आहेत, याची ती कंपनीने दिलेली कबुलीच म्हणावी लागेल.

तरीही ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा शेवटचा दिवस आला. बँकांची एटीएम यंत्रे तेव्हा जगभर मोठ्या संख्येने एक्सपीवर चालत होती. भारतात रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम नव्या प्रणालीवर नेण्यास सांगितले, म्हणजे दुरुस्त्या थांबून पाच वर्षे होईपर्यंत. मधल्या काळात, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक ठप्प केले, त्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयेही होती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा नियम बाजूला ठेवून एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती दिली. या घटनेचे खापर आजही एक्सपीवर फोडले जाते, पण बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ वर चालणारे होते. त्यांच्यासाठी मार्चमध्येच दुरुस्ती उपलब्ध झाली होती. ती बसवून घेण्याचे राहून गेले होते. प्रणाली नवी आहे की जुनी, यापेक्षा तिच्यावर दुरुस्त्या वेळेवर चढतात की नाही, हा मुद्दा तेव्हा ठळक झाला; त्याआधीच २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ची रचना त्याच भोवती झाली होती.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी या बदलांना एक निराळा पदर आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रणालीच्या पातळीवर प्रथम स्थान मिळाले, आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट तिच्यासोबत आला. एक्सपीतही ही सोय होती, पण प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन खूण करावी लागे व बहुधा सीडी घालावी लागे. ते केले नाही तर युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतातील मजकुराची जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसे. व्हिस्टापासून ही खटपट संपली. वेब पाहणाऱ्या आणि ई-मेल लिहिणाऱ्या मराठी माणसासाठी नव्या आवृत्तीचा हा खराखुरा लाभ होता, जरी व्हिस्टाच्या बदनामीत तो कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

छपाईच्या व्यवसायाला मात्र हाच बदल गैरसोयीचा ठरला. मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणी व पानमांडणी, १९९० च्या दशकापासून श्री-लिपी, आकृती, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे आयएसएम यांसारख्या साधनांवर उभे होते. या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. त्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. टंकलेखनाचे कार्यक्रम विशिष्ट विंडोजसाठी बनलेले असत आणि अनेकांना परवान्याचे डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्लीवजा डबी, लागे, तेही कधीकधी नव्या संगणकांवरून नाहीशा होत गेलेल्या जाड पॅरलल पोर्टला लावायचे. पानांची मांडणी पेजमेकरवर होई. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि युनिकोड तिला कधीच उमगले नाही. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट जुळणी २०१२ च्या सुमारास मिळाली, तोवर पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या कित्येक वर्षांच्या फाइली जुन्या फाँटमध्ये साठल्या होत्या. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे तपासण्यासाठी मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते आणि त्याचा खर्च पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत भरून निघेलच असे नाही. प्रेसमध्ये एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून जपून ठेवलेला दिसतो, त्याची संगती या हिशेबात लागते. त्याला मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ने विक्रीचे गणित बदलले. विंडोज ७ आणि ८.१ च्या परवानाधारकांना ती पहिल्या वर्षी विनामूल्य होती. दुरुस्त्या आपोआप येऊ लागल्या, त्या नाकारणे घरगुती ग्राहकाला अवघड झाले आणि नवी आवृत्ती घ्या म्हणून पडद्यावर येणाऱ्या सूचनांनी अनेक जण वैतागले. ही विंडोजची अखेरची आवृत्ती असेल, असे मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने त्या वर्षी एका परिषदेत म्हटले होते, आणि ते विधान बरीच वर्षे कंपनीचे वचन असल्यासारखे फिरत राहिले.

जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबरला ती प्रसिद्ध झाली. तिची किंमत शून्य होती, पण अट यंत्राची होती. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी सोय), ४ गीगाबाइट मेमरी, आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर किंवा एएमडीचा त्याच सुमाराचा. व्हिस्टाच्या वेळी कमकुवत संगणकावर नवी प्रणाली रखडत का होईना चालत असे. या वेळी चार-पाच वर्षांचा, उत्तम चालणारा संगणक थेट अपात्र ठरला. अटी चुकवून ती बसवण्याच्या युक्त्या निघाल्या, मात्र त्या मार्गाने पुढील अद्यतनांची हमी कंपनी देत नाही. आणखी एक गोष्ट त्या मानाने दुर्लक्षित राहिली. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात आहे, आणि डॉसवरचे व १६-बिटचे कार्यक्रम थेट चालवण्याची सोय फक्त ३२-बिट विंडोजमध्येच होती. एखादी पतसंस्था किंवा व्यापारी आजवर डॉसच्या जमान्यातील कार्यक्रमावर हिशेब ठेवत असेल, तर त्याच्यासाठी १९८१ पासून अखंड चालत आलेला धागा या ठिकाणी तुटतो. डॉसबॉक्ससारखे अनुकरण करणारे साधन वापरता येते, पण छपाईपासून सगळी घडी नव्याने बसवावी लागते.

पर्याय म्हणून लिनक्सचे नाव दर वेळी पुढे येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीला सामान्य वापरासाठी सुबक रूप देण्याचे मोठे काम ऑक्टोबर २००४ पासून उबुंटूने केले. तिच्या सीडी त्या काळी टपालाने फुकट घरपोच येत. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती काढली आणि केरळने शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअर रुजवले. केरळचे यश आणि म्युनिक शहराचा अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. म्युनिकने २००३ मध्ये निर्णय घेऊन दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. त्यात राजकारण होतेच, परंतु बाहेरच्या कार्यालयांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण आणि विंडोजवाचून न चालणारे खास कार्यक्रम हीही रोजची डोकेदुखी होती. केरळच्या शाळांत मुलांना मागचे काही सोबत न्यायचे नव्हते. आज कामाचा बराच भाग ब्राउझरमध्ये होत असल्याने म्युनिकची अडचण सौम्य झाली आहे. मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर व्यवस्थित चालतात. टॅली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि एखाद्या प्रिंटरचा ड्रायव्हर या गोष्टी मात्र आधी तपासूनच घ्याव्यात.

ॲपलने हा प्रश्न नेहमीच वेगळ्या पद्धतीने सोडवला. ऑक्टोबर २०१३ पासून तिची नवी प्रणाली विनामूल्य आहे, पण जुने सोडून देण्यात कंपनी भीड ठेवत नाही. २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीने ३२-बिट कार्यक्रम बंद केले, २०२० पासून स्वतःच्या प्रोसेसरकडे वळण सुरू झाले आणि २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने सांगून टाकले आहे. त्यामुळे जुना इंटेल मॅक स्वस्तात घेऊ पाहणाऱ्याने विंडोज १० मधून सुटून तशाच एका मुदतीत अडकणार नाही ना, हे पाहिले पाहिजे.

विंडोज १० वरच थांबू इच्छिणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने प्रथमच वाढीव मुदत दिली आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा-दुरुस्त्या ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाच्या मांडणीची प्रत जोडून विनाशुल्क, मिळू शकतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना त्या अधिक सवलतीने मिळतात. कंपन्यांना पैसे मोजून तीन वर्षे मिळतात. यंत्रसामग्रीत बसवण्यासाठी असलेल्या विंडोज १० च्या एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तर जानेवारी २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार आहेत, म्हणजे विंडोज १० साठी दुरुस्त्या तयार करण्याचे काम कंपनीत अजून काही वर्षे चालूच राहील. घरच्या संगणकापर्यंत त्या पोहोचणार नाहीत, इतकेच.