चित्रातून परतलेला स्पॅनियल

१९२६ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकी गृहस्थांनी एक बक्षीस लावले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातील चित्रांत दिसतो तसा, लांब तोंडाचा आणि सपाट माथ्याचा स्पॅनियल कुत्रा आणून दाखवणाऱ्यास २५ पौंड! सतराव्या शतकात राजवाड्यातील मांड्या ऊबदार ठेवणाऱ्या या छोट्या स्पॅनियलची ठेवण एकोणिसाव्या शतकातील बसक्या नाकाच्या हौसेपायी पार बदलून गेली होती, आणि एल्ड्रिज यांना हवा असलेला कुत्रा तोवर जवळजवळ चित्रांपुरताच उरला होता.

१९२८ मध्ये अ‍ॅन्स सन नावाच्या कुत्र्याने हे बक्षीस पटकावले. त्याच वर्षी त्याला समोर ठेवून नव्या जातीची लक्षणे ठरवली गेली. १९४५ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबने 'कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल' ही स्वतंत्र जात मान्य केली. सहा ते आठ किलो वजन, मोठे काळेभोर डोळे, रेशमी झालरीचे लांब कान आणि चार ठरावीक रंग. त्यांतल्या पांढऱ्या-तांबूस 'ब्लेनहाइम' कुत्र्याच्या माथ्यावर कधीकधी मधोमध तांबूस ठिपका असतो. स्वभावाने हा कुत्रा माणसाला चिकटून राहणारा, पण अंगणात पाखरू दिसले की त्याच्यातला, शिकाऱ्यासाठी झुडपातून पक्षी उठवणारा स्पॅनियल जागा होतो.

या देखण्या चेहऱ्यामागचा हिशेब मात्र वेदनादायक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात मोजक्याच कुत्र्यांपासून पुन्हा वाढवली गेली आणि नात्यातल्या नात्यात पैदास होत राहिल्याने सदोष जनुकेही पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली. हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप हळूहळू जाड होते, नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे झिरपते. अशा कुत्र्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, की 'लब' आणि 'डब' यांच्या मधल्या शांततेत फुंकर मारल्यासारखा आवाज ऐकू येतो. पाचव्या वर्षापर्यंत सुमारे निम्म्या कॅव्हेलियरांमध्ये तो आढळतो, दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्वांमध्ये. अनेकांची कवटी मेंदूच्या मानाने इतकी आखूड असते की मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होतात; असा कुत्रा चालता चालता थांबून हवेतच मान खाजवू लागतो, आणि ती खाज नव्हे, वेदना असते.

२०२२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने या जातीची पैदास नॉर्वेच्या प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. डेन्मार्कमध्ये मात्र पैदाशीआधी हृदयतपासणी सक्तीची केल्यावर पुढच्या पिल्लांमध्ये हा आवाज आढळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले.